ऑस्करचा शेजारी कोण?

शोभेच्या माशांच्या दुकानात गेलात तर मुलांची गर्दी एका ठरावीक बाजूला दिसते. गप्पी, मॉली, टेट्रा या लहान माशांसमोर ती नसते. ती असते ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना अशा दांडग्या माशांसमोर. हे मासे काचेजवळ येऊन आपल्याकडे रोखून बघतात, बोट फिरेल तसे फिरतात आणि खाद्य दिसले की झडप घालतात. साहजिकच घरी न्यायचा मासाही बऱ्याच जणांना असाच हवा असतो. तो आणला, टाकी लावली, की आठवड्याभरात पुढचा प्रश्न उभा राहतो. एवढ्या मोठ्या टाकीत हा एकटाच का? याच्याबरोबर आणखी कोणाला ठेवता येईल?

या प्रश्नाचे सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे "तितकाच रागीट मासा ठेवा, बरोबरी होईल." बॉक्सिंगच्या रिंगमध्ये हा नियम ठीक आहे. तिथे वजनगट असतात, पंच असतो आणि फेरी संपली की घंटा वाजते. टाकीत घंटा वाजत नाही आणि हरलेल्याला रिंगबाहेर पडता येत नाही. बरोबरीचे दोन रागीट मासे एकत्र ठेवले तर बरोबरी फार दिवस टिकत नाही. एक जिंकतो आणि दुसरा कोपऱ्यात झुरत मरतो.

आपल्याकडे ‘मत्स्यन्याय’ हा शब्द फार जुना आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसा शासन नसेल तर बलवान दुर्बळाला गिळतो, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. पण नदीतल्या लहान माशाजवळ निदान दगडाची फट असते, पाणवनस्पती असतात, मोठ्या माशाला न पोहोचता येणारे उथळ पाणी असते. काचेच्या टाकीत यातले काहीच नसते, म्हणून तिथला मत्स्यन्याय नदीतल्यापेक्षा कडक असतो. तिथे कोण कोणाबरोबर राहणार हे मासे ठरवत नाहीत, आपण ठरवतो. म्हणून निवड करण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात. भारतातल्या दुकानांत सहज मिळणारा ऑस्कर हा मासा उदाहरणाला घेऊन त्या समजून घेऊ.

भूक वेगळी, भांडण वेगळे

‘शिकारी मासा’ आणि ‘रागीट मासा’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सोबती निवडताना पहिली चूक इथेच होते.

शिकारी मासा दुसऱ्या माशाला खातो, पण त्यात राग नसतो. अरोवाना पाण्याच्या पृष्ठभागाजवळ संथपणे फिरतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. आपल्या नद्या-तळ्यांतला मरळही तसाच. पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या लहान माशावर झेप घेतो. जो मासा त्याच्या तोंडात मावत नाही, त्याच्याकडे तो सहसा खाणे म्हणून पाहत नाही.

रागीट मासा दुसऱ्याला खात नाही, हाकलतो. त्याला जागा राखायची असते, जोडीदार राखायचा असतो किंवा अंडी-पिल्ले सांभाळायची असतात. मध्य अमेरिकेतला कन्व्हिक्ट हा पट्टेदार मासा जेमतेम १० ते १२ सेंटीमीटरचा. पण त्याच्या जोडीने अंडी घातली की ती जोडी आपल्या दुप्पट आकाराच्या माशालाही टाकीच्या टोकाला पळवून लावते. थायलंडकडचा बेट्टा म्हणजे फायटर मासा त्याहून लहान, तरी एका टाकीत दोन नर ठेवले तर ते एकमेकांचे पर फाडून टाकतात. यातला कोणीही कोणाला गिळू शकत नाही.

म्हणून निवड करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. हा मासा त्याला खाईल का? आणि खात नसला तरी त्याला राहू देईल का? ऑस्करच्या बाबतीत दोन्ही प्रश्न विचारायलाच हवेत, कारण तो भूक लागली की शिकारी आणि जागा राखताना रागीट, असा दोन्ही आहे.

ऑस्करची ओळख

ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला मासा. सिक्लिड या मोठ्या कुळातला. लुई ॲगासी या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ओसेलेटस. ओसेलेटस म्हणजे डोळ्यासारखा ठिपका असलेला. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कड्याचा काळा ठिपका असतो, त्यावरून हे नाव पडले. असा खोटा डोळा असला की हल्ला करणाऱ्याला डोके कोणते आणि शेपूट कोणती याचा गोंधळ होतो, असे मानले जाते.

दुकानात ऑस्करचे पिल्लू ५ ते ६ सेंटीमीटरचे असते. इतके की दोन-तीन पिल्ले गप्पींच्या टाकीतही गोड दिसतात. पण चांगले खाणे आणि स्वच्छ पाणी मिळाले तर पहिल्या वर्षात ते झपाट्याने वाढते आणि पूर्ण वाढलेला ऑस्कर सुमारे ३० सेंटीमीटरचा होतो, म्हणजे आपल्या कंपासपेटीबाहेर राहणाऱ्या लांब पट्टीएवढा. तो १० वर्षे आणि त्याहूनही जास्त जगू शकतो. सहावीत असताना आणलेला ऑस्कर तुम्ही कमिशन घेऊन युनिटवर रुजू व्हाल तेव्हाही पोहत असू शकतो.

म्हणून पहिला नियम असा की टाकी आणि सोबती दोन्ही पिल्लाच्या मापाने निवडू नयेत, मोठ्या ऑस्करच्या मापाने निवडावेत. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ लिटर. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत काठोकाठ भरल्यावर सुमारे ३४० लिटर पाणी मावते. ही एका ऑस्करची जागा झाली. शेजारी हवे असतील तर ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच म्हणजे सुमारे ६८० लिटरच्या टाकीचा विचार करावा. लहान टाकीत कितीही हुशारीने निवड केली तरी ती फसते.

तोंडाचे माप

ऑस्कर भक्ष्याचे लचके तोडत नाही. तो तोंड एकदम पुढे काढून उघडतो, त्या ओढीने पाणी आत शिरते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. सिक्लिड माशांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढचे जबडे पकडतात आणि घशातले जबडे भरडून आत ढकलतात. त्यामुळे हिशेब सोपा आहे. जो तोंडात मावतो तो शेजारी नसतो, जेवण असतो. निऑन टेट्रा, गप्पी, मॉली, लहान बार्ब आणि शोभेची कोळंबी हे सगळे या यादीत येतात. आज मावत नाही पण सहा महिन्यांनी मावेल, असा मासाही याच यादीत धरावा.

यात लांबीपेक्षा शरीराचा आकार महत्त्वाचा असतो. लांब आणि सडपातळ मासा १० सेंटीमीटरचा असला तरी गिळता येतो. उलट ताटलीसारखा उभट, चपटा मासा तेवढ्याच लांबीचा असूनही तोंडात आडवा येतो. म्हणून ऑस्करबरोबर ठेवण्यासाठी जाणकार उंच शरीराचे मासे सुचवतात.

आणखी एक धोका काट्यांचा. कोरिडोरास या छोट्या मांजरमाशांच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत टणक काटे असतात. धोका दिसला की ते काटे ताठ करतात आणि ते तसेच अडकून राहतात. ऑस्करने असा मासा तोंडात घेतला तर तो घशात रुततो. मग गिळणारा आणि गिळला गेलेला दोघेही दगावू शकतात. तळ साफ करायला चार कोरिडोरास सोडू, हा विचार ऑस्करच्या टाकीत करू नये.

तोंडाचा नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो. दुकानात ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा रुपेरी, काळसर पट्ट्याचा लहान मासा खरा शार्क नाही. तो मेकाँग नदीकडचा पंगास आहे, जो आपल्याकडे खाण्यासाठी तलावांत वाढवतात. तो १ मीटरच्याही पुढे वाढतो, कळपात राहतो आणि दचकला की काचेवर धडकतो. तो ऑस्करचा शेजारी तर नाहीच, कोणत्याही घरगुती टाकीतला मासा नाही.

हद्द आणि पळायची वाट

ऑस्कर मोठा होऊ लागला की टाकीचा एक भाग आपला मानतो. एखादा सपाट दगड, लाकडाच्या ओंडक्यामागची जागा किंवा एखादा कोपरा. तिथली खडी तो तोंडाने उचलून दुसरीकडे टाकतो, लावलेली झाडे उपटतो, हीटरलाही धक्के देतो. हीटरभोवती जाळीचे संरक्षण लावावे लागते ते यासाठीच.

या हद्दीत कोणी आला तर लगेच चावाचावी होत नाही. आधी इशारे होतात. मासा कल्ल्यांची झाकणे फुलवतो, पर पसरून आडवा उभा राहतो म्हणजे आहे त्याहून मोठा दिसतो, रंग गडद करतो. तरीही समोरचा हटला नाही तर दोघे तोंडात तोंड धरून ढकलाढकली करतात. या सगळ्याचा उपयोग एकच. जखमा न होता कोण बळकट ते ठरवायचे. नदीत ते ठरले की हरलेला निघून जातो आणि भांडण संपते.

टाकीत तो निघून जाऊ शकत नाही. जिंकणाऱ्याला तो समोर दिसतच राहतो, म्हणून मार चालूच राहतो. याचा अर्थ प्रत्येक वेळी जिंकणारा मासा दुष्ट असतो असे नाही. समोरचा शरण आला आहे हे कळण्याची त्याची खूण म्हणजे समोरच्याचे दिसेनासे होणे, आणि काचेने ती खूणच काढून घेतलेली असते.

म्हणून टाकीची रचना करताना नजर तोडावी लागते. मोठे दगड, ओंडके असे ठेवावेत की टाकीच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सतत दिसणार नाही. प्रत्येक आडोशाला दोन वाटा असाव्यात. एकच तोंड असलेली कपार आसरा वाटते, पण पाठलाग झाला की ती सापळा ठरते. दगड थेट तळाच्या काचेवर पक्के बसवून मग खडी टाकावी, नाहीतर ऑस्कर खालची खडी उपसतो आणि दगड घसरतो.

हद्द तीन मजल्यांची असते हेही लक्षात ठेवावे. काही मासे पृष्ठभागाजवळ राहतात, काही मध्ये, काही तळाशी. ऑस्कर मुख्यतः मधल्या आणि खालच्या पाण्यात वावरतो. त्याच्यासारखाच आकार, त्याच्यासारखीच जागा आणि त्याच्यासारखीच सवय असलेला मासा हा त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी. म्हणजे ‘तितकाच रागीट’ हा नियम नेमका उलटा आहे. शेजारी तुल्यबळ नको, वेगळा हवा.

मग दोन ऑस्कर? दोन ही सर्वांत वाईट संख्या. एक नायक होतो आणि सगळा मार दुसऱ्या एकट्यावर पडतो. नर-मादी बाहेरून पाहून ओळखता येत नाहीत, म्हणून दुकानदाराने ‘जोडी’ म्हणून दिलेले दोन मासे जोडी असतीलच असे नाही. आणि खरीच जोडी जमली तर ती सपाट दगडावर शेकड्यांनी अंडी घालते आणि तोपर्यंत शांत असलेले दोघे मिळून इतरांना झोडपू लागतात.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठावर राहणाऱ्या सिक्लिडांसाठी शौकीन उलटी युक्ती वापरतात. टाकीत मासे मुद्दाम दाट ठेवतात. त्यामुळे कोणालाच हद्द आखता येत नाही आणि राग एकावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. मात्र ते मासे ऑस्करच्या निम्म्याहून लहान असतात. ३० सेंटीमीटरच्या ऑस्करांची अशी गर्दी घरातल्या टाकीत करता येत नाही. एका जातीची युक्ती दुसऱ्या जातीला लागू करू नये, हा यातला धडा.

एकच पाणी, एकच पंगत

पाणी दिसायला सारखेच असले तरी माशाला ते सारखे नसते. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे, मऊ ते मध्यम आणि साधारण उदासीन पाणी मानवते. मलावी सरोवरातल्या माशांना जड आणि अल्कधर्मी पाणी लागते. गोल्डफिश थंड पाण्यातला. म्हणून हे तिघे दुकानात शेजारी-शेजारी टाक्यांत दिसले तरी एका टाकीत सुखी राहणार नाहीत. रोज थोडाथोडा त्रास सोसणारा मासा अशक्त होतो, आणि अशक्त मासा सगळ्यात आधी मार खातो.

दुसरी बाब घाणीची. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात आणि तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते, ते पाणी बदलून काढता येते. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ऑस्कर खूप खातो आणि तितकीच घाण करतो. त्याच्याबरोबर प्रत्येक नवा शेजारी आला की हे ओझे वाढते. तासाला टाकीतल्या पाण्याच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा फिल्टर आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे, हे कमीत कमी समजावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवल्याशिवाय ते टाकीत घालू नये.

तिसरी बाब पंगतीची. मेसमध्ये जो सावकाश जेवतो त्याच्या वाट्याला भाजीचा रस्साच उरतो, हे आपल्याला माहीत आहे. टाकीतही तसेच. ऑस्कर क्षणात दाणे संपवतो. लाजरा किंवा संथ मासा त्याच्या शेजारी मार न खाताही उपाशी मरू शकतो. म्हणून ऑस्करला एका टोकाला खाद्य द्यावे आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला इतरांना द्यावे. तळाशी राहणाऱ्यांना दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात.

ऑस्करला जिवंत गोल्डफिश खायला घालण्याची हौस काही जणांना असते. ती सोडून द्यावी. अशा माशांबरोबर रोग येतात. शिवाय गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. चांगले तयार दाणे, अधूनमधून कोळंबीचे तुकडे आणि स्वच्छ जागची गांडुळे एवढ्यावर ऑस्कर उत्तम वाढतो.

मग जमतो कोणाशी?

आता एवढ्या चाळण्यांतून कोण पार पडते ते पाहू.

पहिले नाव सिल्व्हर डॉलर. रुपयासारखा गोल, चकचकीत, सुमारे १५ सेंटीमीटरचा, चपळ मासा. गंमत म्हणजे तो पिरान्हाचा जवळचा नातलग आहे, पण मुख्यतः वनस्पती खातो. तोही दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे पाणी जुळते. तो तोंडात मावत नाही, हद्द आखत नाही आणि पाठलाग झाला तर निसटतो. पाच-सहा जणांचा गट ठेवावा, एकटा ठेवला तर तो बुजतो. याचा आणखी एक उपयोग होतो. समोर मासे निर्धास्त फिरताना दिसले की जवळपास धोका नाही असे मोठ्या सिक्लिडला समजते आणि तोही लपून न बसता मोकळा वावरतो.

दुसरा टिनफॉइल बार्ब. हा आग्नेय आशियातला, कळपात राहणारा आणि चपळ. पण तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, म्हणून सहा फुटांहून लहान टाकीत त्याचा विचार करू नये.

तिसरा पॉलिप्टेरस, आफ्रिकेतला लांबट, जाड खवल्यांचा, तळाशी राहणारा मासा. दिवसा स्वस्थ, रात्री फिरणारा. खवले कठीण असल्याने किरकोळ चावे त्याला लागत नाहीत. मात्र तो पेन्सिलीएवढा असताना सोडू नये, ऑस्करच्या तोंडात मावणार नाही इतका वाढलेला घ्यावा. टाकीला घट्ट झाकण हवे, कारण तो फटीतून बाहेर पडतो.

चौथा सकर. काच साफ करणारा म्हणून तो सर्रास विकतात. अंगावर चिलखत असल्याने तो टिकतो. पण त्याची सामान्य जात ३० सेंटीमीटरच्याही पुढे वाढते, स्वतः भरपूर घाण करते आणि पोटभर खाणे मिळाले नाही तर कधीकधी रात्री संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते. त्याला फुकटचा सफाई कामगार समजू नये. त्याच्यासाठीही वेगळे खाद्य टाकावे.

काही नावे सरळ बाद करावीत. एंजलफिशचे लांब पर चावायला सोपे असतात. गोल्डफिशची कारणे वर आली. पिरान्हाबरोबर कोणाचाच भरवसा नाही. सिल्व्हर अरोवाना ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्याला वळायलाच घरातली बहुतेक टाकी पुरत नाही. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात नसलेला संकर आहे. १९९० च्या दशकात मलेशियात तो लोकप्रिय झाला. डोक्यावरचे टेंगूळ आणि आक्रमकपणा यांसाठीच त्याची निवड होत गेली. तो एकटाच ठेवावा.

आणण्याची रीत

योग्य शेजारी निवडला तरी तो कसा आणि कधी सोडला यावर बरेच अवलंबून असते. नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा. रोग असेल तर तिथेच कळतो. सगळे एकत्र सुरू करायचे असेल तर शांत मासे आधी सोडावेत आणि ऑस्कर शेवटी, म्हणजे येईल तेव्हा तो नवखा असेल. ऑस्कर आधीच असेल तर नवा मासा सोडण्यापूर्वी दगड-ओंडक्यांची मांडणी बदलावी. जुन्या खुणा गेल्या की जुनी हद्दही पुसली जाते. ऑस्करला पोटभर खायला द्यावे, पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मासा सोडावा आणि दिवा बंद ठेवावा.

पुढचा आठवडा लक्ष ठेवण्याचा. थोडी ढकलाढकली आणि इशारे चालतात. पण एखाद्याचे पर फाटलेले दिसले, तो वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे दडून राहू लागला, कल्ले भराभर हलवू लागला किंवा खायला येईनासा झाला, तर वाट पाहू नये. ‘जमवून घेतील’ म्हणत दोन दिवस थांबणे हेच बहुतेक वेळा माशाच्या मरणाचे कारण असते. मध्ये जाळीचा पडदा घालावा किंवा मासा दुसऱ्या टाकीत हलवावा. म्हणजेच दुसरी टाकी आधीपासून तयार हवी. ज्याच्याकडे ती नाही त्याने शेजारी आणू नये. हेही लक्षात ठेवावे की लहानपणी एकत्र वाढलेले मासे पुढेही शांत राहतीलच असे नाही. ऑस्कर वर्ष-सव्वा वर्षाचा होऊन वयात आला की घडी मोडू शकते.

नकोसा मासा जातो कुठे?

जमले नाही तर मासा तळ्यात किंवा नदीत सोडून दिला जातो. सोडणाऱ्याला वाटते, आपण त्याला मोकळे केले. प्रत्यक्षात आपण आपल्या टाकीतला मत्स्यन्याय तळ्यात नेऊन सोडलेला असतो. सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज कोलकात्याजवळच्या पाणथळ जागांपासून आंध्र प्रदेशातल्या कालव्यांपर्यंत पसरला आहे. तो काठाच्या मातीत बिळे करतो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार हा उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा सापडला. काश्मीरपर्यंत तो पोहून आलेला नाही. आणि आपला ऑस्कर? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या कालव्यांत त्याने कायमची वस्ती केली आहे. म्हणून नकोसा मासा दुकानदाराला परत द्यावा, मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा, पण पाण्यात सोडू नये.

पालकांसाठी आणि आपल्यासाठी

आपल्यासारख्या वसतिगृहात राहणाऱ्यांना एक गोष्ट जास्त लागू पडते. मासा सुट्टीत येतो, सुट्टी संपली की आपण शाळेत परततो आणि मासा घरी राहतो. दर आठवड्याला बादल्या उचलून पाणी बदलणार आई, फिल्टर धुणार बाबा. ३४० लिटर पाण्याचे वजनच ३४० किलो होते, ते कुठल्याही टेबलावर ठेवता येत नाही. उन्हाळ्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हाच वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ लागतो. हे सगळे मासा घेण्याआधी घरच्यांशी बसून बोलून घ्यावे. आणि घरच्यांनी ‘एकच मासा चालेल’ असे सांगितले तर त्यात काही बिघडत नाही. मोठा ऑस्कर एकटाही चांगला राहतो. खायला घालणारा माणूस समोर आला की तो काचेजवळ येतो, त्याच्या हालचालींवर लक्ष ठेवतो.

दुकानात जाताना मग पाच प्रश्न खिशात असू द्यावेत. पूर्ण वाढल्यावर हा केवढा होईल? तो माझ्या माशाच्या तोंडात मावेल का, किंवा माझा मासा त्याच्या? दोघांचे पाणी आणि तापमान एक आहे का? दोघे टाकीच्या एकाच भागात राहतात का? आणि जमले नाही तर याला ठेवायला दुसरी टाकी माझ्याकडे आहे का? यातल्या एकाचेही उत्तर अडले, तर त्या दिवशी फक्त दाण्यांचा डबा घेऊन परत यावे.